आबांची सही

त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. आपलं नाव कुठल्या कागदावर आलेलं त्यांना खपत नसे, आणि आता विचारायला ते नाहीत. सारं गाव त्यांना आबा म्हणत असे, आम्ही भाडेकरूही आबाच म्हणायचो, तेव्हा तेवढं पुरे.

पिंपरी गावात त्यांचं घर होतं. एका अंगाला निर्वासितांची छावणी वसली होती, दुसऱ्या अंगाला औषधांचा नवा कारखाना उभा राहिला होता, आणि मधल्या जुन्या गावात आबांनी गोठा मोडून तीन खोल्या काढल्या होत्या. माझा थोरला भाऊ, दादा, कारखान्यात लागला म्हणून आई आणि मी नगरहून तिथे राहायला आलो. मी तेव्हा पुण्याच्या कॉलेजात जात होते. दादाने भाडेचिठ्ठीचा विषय काढला तर आबा म्हणाले, "चिठ्ठी कशापायी? तुमी हाय, मी हाय, खोली बी हाय." दादाला ते फार आवडलं. मला तेव्हाच थोडी धाकधूक वाटली होती, पण माझा स्वभाव मुळातच काळजीखोर. घरात कुणी शिंकलं तरी मला न्यूमोनिया दिसायचा. त्यामुळे माझ्या धाकधुकीकडे कुणी लक्ष देत नसे.

आबा सही करत नसत. अक्षरशत्रू होते म्हणावं तर तसंही नाही. बाळबोध तर येतच होतं, मोडीही घडाघड वाचत. गावात कुणाला पत्र आलं की ते आबांकडेच यायचं. पण सही नाही, आणि सहीच्या जागी अंगठाही नाही. एकदा त्यांच्या नावाने रजिस्टर पत्र आलं. पोस्टमन म्हणाला, "आबा, इथं सही करा." आबा म्हणाले, "मग ने माघारी." त्याने बरीच अजिजी केली, पण शेवटी पत्र परत गेलं. त्या पत्रात काय असेल याचा विचार आबांच्या पत्नी, जिजी, पुढे वर्षभर करत होत्या. कुणाच्या लग्नाची बातमी आली की म्हणायच्या, "त्याच्यात ह्येच असंल बगा."

शाळेच्या कमिटीत त्यांना घेतलं होतं. सभेला ते सगळ्यांच्या आधी जायचे आणि सतरंजी गुंडाळेपर्यंत बसायचे, वादही तावातावाने घालायचे. पण हजेरीपत्रकावर सही करायची वेळ आली की चपला शोधायला लागायचे. त्यामुळे कागदोपत्री आबा एकाही सभेला आलेले नाहीत. सगळ्या सरकारी कामांत त्यांना मतदान तेवढं पसंत होतं. मत देऊन आल्यावर बोटाची शाई आम्हाला दाखवत म्हणाले, "हे बरं हाय. शाई मानसाला लावत्यात, कागदाला न्हाई."

दुसरी खोड वाचनाची. कुठलाही कागद ते खालून वर वाचायचे. शेवटची ओळ आधी, मग तिच्या वरची, असं करत मथळ्यापर्यंत. लग्नपत्रिका आली की पहिल्यांदा 'आहेर आणू नये' आहे का ते बघायचे, नवरानवरीपर्यंत पोहोचायला त्यांना वेळ लागायचा. पुडीचा कागद, औषधाची बाटली, गावकीची नोटीस, सगळ्यांना एकच न्याय. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "वर नुसता नमस्कार असतोय गं. खरं काय ते तळाला." मला ते ऐकून गंमत वाटली होती. ही रीत त्यांना कुठल्या अनुभवाने लागली, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

माझं लग्न त्यांच्याच अंगणात झालं. मुलगा दादाच्याच कारखान्यातला इंजिनियर. भटजी म्हणून माझे मामाच उभे होते. ताटात तांदूळ पसरले, ह्यांनी अंगठीने त्यात माझं नवं नाव लिहिलं, आणि सगळ्यांच्या आधी वाकून ते कुणी वाचलं असेल तर आबांनी. "शालिनी," ते म्हणाले. "नाव बरं हाय. पन मग इंदूचं काय झालं?" सगळे हसले. आईने मात्र डोळे वटारले, कारण तिच्या मते त्या क्षणापासून इंदू हे नाव उच्चारायचंही नव्हतं. अपशकुन होतो म्हणे. घरात कुणी चुकून इंदू म्हणालं की ती "शालिनी" अशी दुरुस्ती करायची. आबा एकटे तिला बधले नाहीत. मी त्यांना शेवटपर्यंत इंदूच राहिले.

लग्नानंतर महिन्याभरात ह्यांना कारखान्याने वर्षभराच्या प्रशिक्षणासाठी अमेरिकेला पाठवलं. सासर साताऱ्याचं, पण माझी बी. एस्सी.ची परीक्षा राहिली होती म्हणून मी पिंपरीलाच राहिले. परीक्षा झाली, पास झाले, आणि दादाबरोबर मुंबईला वकिलातीत जाऊन मी ह्यांची पत्नी म्हणून जायची परवानगी काढली. पासपोर्टवर शिक्का बसला. सगळे खूश होते. त्याच सुमाराला ह्यांनी माझ्या वतीने तिथल्या विद्यापीठात केलेल्या अर्जाचं उत्तर आलं. सूक्ष्मजंतुशास्त्राच्या दोन वर्षांच्या अभ्यासाला मला जागा मिळाली होती. पण अट अशी, की विद्यार्थिनीने पूर्ण वेळ शिकलं पाहिजे आणि विद्यार्थिनी म्हणूनच त्या देशात आलं पाहिजे.

आईचा पहिला प्रश्न होता, "पूर्ण वेळ म्हणजे? मग स्वयंपाक कोण करणार?" साताऱ्याहून मामंजींचं पत्र आलं, त्यात एकच वाक्य ठसठशीत होतं: नवऱ्यामागून जाणं वेगळं आणि नवरा परतल्यावर मागे राहणं वेगळं. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, असंही लिहिलं होतं. ह्यांनी मात्र लिहिलं, "पत्नी म्हणून आलीस तर वर्षाने माझ्याबरोबर परत यावं लागेल. विद्यार्थिनी म्हणून आलीस तर शिकून येशील. तू ठरव." आयुष्यात कुणी मला ठरव म्हटल्याची ती पहिलीच वेळ असावी. मी दोन दिवस जेवले नाही आणि तिसऱ्या दिवशी ठरवलं. आबांना सांगितलं तर ते हसले. "भाकरीला बुरशी आली तर आमी गुरापुढं टाकतो. तू ती शिकाया सातासमुद्रापार जानार. जा बाई."

पुन्हा वकिलातीत गेले. तिथे एक मराठी कारकून होते, बोलायला सभ्य, पण नजर फार बारीक. त्यांनी आधीच बजावलं, "एका वेळी एकच दर्जा मिळतो. विद्यार्थिनीचा अर्ज केलात की पत्नीचा शिक्का रद्द होईल. नंतर हा अर्ज नामंजूर झाला तर तोही परत लगेच मिळणार नाही." मी मान हलवली. शिक्का रद्द झाला. मग मी माझी प्रमाणपत्रं पुढे ठेवली. कारकुनांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "ही इंदुमती कोण?"

"मीच."

त्यांनी माझा आधीचा, पत्नी म्हणून केलेला अर्ज काढला आणि एका रकान्यावर बोट ठेवलं. 'पूर्वीचे अन्य कोणतेही नाव' असं तिथे विचारलं होतं, आणि त्यापुढे माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: नाही.

मी ते खोटं म्हणून लिहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर लिहिताना मला विचारही करावा लागला नव्हता. लग्न झालं, नाव गेलं, मग आता दुसरं नाव कुठलं? पण हे त्या टेबलाशी उभं राहून मला सांगता येईना. कारकून म्हणाले, "साहेब विचारतील की तुम्ही हे लपवलंत का. आणि लपवलं नसेल तर ही प्रमाणपत्रं तुमचीच कशावरून."

आठवड्याने वकिलातीचं पत्र आलं. लग्नाआधी आणि लग्नानंतर मी ज्या घरात राहिले त्या घराच्या मालकाचं, जो माझा नातेवाईक नसेल अशा माणसाचं, सहीनिशी निवेदन हवं. ते महिनाअखेरीपर्यंत पोहोचलं नाही तर अर्ज रद्द, आणि खोटी माहिती दिल्याची नोंद माझ्या नावापुढे कायम. भाड्याच्या पावत्या दाखवाव्यात तर आबांनी कधी पावती दिली नव्हती. शेजारच्या खोल्यांतले भाडेकरू दरसाल बदलायचे. लग्न लावणारे मामा, तर ते नातेवाईक. आता धड पत्नी नाही आणि धड विद्यार्थिनीही नाही, अशी मी मधेच लोंबकळत होते, आणि ज्याच्या सहीवर सगळं अडलं होतं तो माणूस सही करत नव्हता.

आबा ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. मी पत्र घेऊन गेले. इंग्रजी होतं, म्हणून म्हणाले, "तूच सांग. खालून सांग."

"सगळ्यात खाली लिहिलंय, वेळेत निवेदन आलं नाही तर अर्ज रद्द."

"त्येच्या वर?"

"घरमालकाची सही."

त्यांनी हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले, टरफल बाजूला ठेवलं. पुढची शेंग घेतली. मग म्हणाले, "दुसरं काय बी माग, पोरी. म्हनशील तर तुझ्या संगं बोटीत बसून येतो. पन सही न्हाई."

दुसऱ्या दिवशी आईने विनवलं. तिसऱ्या दिवशी दादाने शिफ्टवरून आल्याआल्या रागाने बोलून पाहिलं. आबा "न्हाई" एवढंच म्हणत. कारखान्याचा भोंगा दिवसातून तीनदा व्हायचा आणि दर भोंग्याला मी उरलेले दिवस मोजायची. माझा जीव असा टांगणीला लागला होता की भाजीत मीठ घातलं की नाही हे मला आठवत नसे. आई चाखून बघायची आणि ताट पुढे ओढायची.

शेवटी जिजींनी मला बाजूला घेऊन सारं सांगितलं. कारखान्यासाठी जमिनी घेतल्या तेव्हा मोजणीचे साहेब आले होते. गावातले शिकलेले म्हणून आबांना पंच केलं. पंचनाम्याची पानं बरीच होती, साहेब घाईत होते, आबांनी वरची पानं वाचली आणि शेवटच्या पानाखाली सही ठोकली. त्या शेवटच्या पानावर आबांच्या चुलतभावाचं, तात्यांचं, रान होतं. 'जिरायत, विहीर नाही.' विहीर होती. तात्यांनी स्वतःच्या हातांनी खणलेली, चांगली दगडांनी बांधलेली. कागदावर नाही म्हणून ती नाहीच ठरली आणि तिच्यासह रान कोरडवाहूच्या कवडीमोल भावात गेलं. आबा त्याच दिवशी भैरवनाथाच्या देवळात गेले आणि शपथ घेऊन आले, की जो हात खोटं बोलला तो पुन्हा सही करणार नाही.

"आणि तात्या?" मी विचारलं.

"त्यो चाकनाकडं गेला, सासुरवाडीला. जाताना म्हनला, ह्या घरचं पानी मला वर्ज्य." जिजींनी पदर सारखा केला. "त्यानं वर अर्ज केला हुता. कचेरीनं सांगितलं, पंचानं लिहून दिलं की इहीर हुती, तर बगू. त्यो ह्यांच्याकडं आला. ह्ये म्हनले, मी शपथ घेतलीया."

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि माझ्यापुढे सहा दिवस उरले होते, एवढंच माझ्या बाजूने सांगता येईल. मी तशीच ओट्यावर गेले आणि म्हणाले, "आबा, ज्यांच्यासाठी शपथ घेतलीत त्यांनी सही मागितली तेव्हा तरी दिलीत का? चूक एकदा झाली, ती कुणाकडूनही होईल. पण ती तशीच राहिली ती तुमच्या शपथेमुळे. ही शपथ तात्यांसाठी नाही, तुमच्यासाठी आहे. तुम्हाला पुन्हा चुकायचं नाही, एवढंच."

मी बोलून गेले खरी. वडलांच्या वयाचा माणूस. आबांनी सूप खाली ठेवलं. "कुनी सांगितलं?" त्यांनी विचारलं, पण उत्तराची वाट पाहिली नाही. चपला घातल्या आणि नदीच्या बाजूला निघून गेले. त्यानंतर चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मला पाहिलं की मान वळवायचे. आई म्हणाली, "सही गेली ती गेलीच, आता ओसरीही गेली." मला सहीपेक्षा जास्त ते लागलं.

महिना संपायला दोन दिवस असताना पहाटे दाराशी आबा उभे. काळा कोट, डोक्याला फेटा, काखेत भाकरीचं फडकं. "ममईची गाडी कितीला हाय?" त्यांनी दादाला विचारलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सही करनार न्हाई. पन मी येतो, सायबाला तोंडानं सांगतो. माझं तोंड अजून खोटं बोललेलं न्हाई."

दादाची पहिली शिफ्ट होती, म्हणून आम्ही दोघंच निघालो. गाडीत मला सारखं वाटत होतं, हे व्यर्थ आहे, त्यांना कागदच लागतो. पण परत फिरा असं म्हणायचा धीर मला झाला नाही. वकिलातीच्या हॉलमध्ये आबा सूचनांचे फलक बघत हिंडले आणि प्रत्येकाची शेवटची ओळ मला मराठीत सांगायला लावली. एका फलकाच्या तळाशी लिहिलं होतं की बाराला खिडकी बंद होते. घड्याळात अकरा वाजून गेले होते.

साहेब उंच, पिंगट केसांचे. शेजारी ते कारकून दुभाषे म्हणून बसले. आबांनी फेटा सावरला आणि सांगायला सुरुवात केली, शाळेतल्या पोरासमोर सांगावं तसं सावकाश. "ही पोरगी लगीन व्हायच्या आदी माझ्या घरात ऱ्हात हुती. तवा इंदू. माझ्याच अंगनात लगीन झालं. ताटात तांदूळ पसरलं, नवऱ्या मुलानं अंगठीनं नाव लिवलं, ते मी वाकून वाचलं. शालिनी. दुसऱ्या दिशी बी हीच पोरगी तितंच धुनं वाळत घालत हुती. एवढंच हाय."

कारकुनांनी इंग्रजीत सांगितलं, साहेबांनी मान डोलावली, टाइपरायटर खडखडला आणि एक कागद आबांच्या पुढे आला. कारकून म्हणाले, "इथे सही."

आबांनी कागद हातात घेतला. ते म्हणाले, "आदी वाचून दावा. मराठीत. खालून."

कारकुनांनी शेवटच्या ओळीपासून सांगायला सुरुवात केली. "हे निवेदन मी स्वखुशीने देत आहे."

"बरं. त्येच्या वर."

"लग्नानंतर तिने आपले नाव बदलले व पूर्वीचे नाव अर्जात सांगितले नाही."

"थांबा," आबा म्हणाले. "हे मी न्हाई सांगितलं. नाव हिनं न्हाई बदललं. त्यांनी बदललं. हिला कुनी इचारलं बी न्हाई. आन् सांगितलं न्हाई म्हंजे? आमच्यात लगीन झाल्यावर पोरीचं जुनं नाव ऱ्हातच न्हाई. हिची आई घरात बी म्हनू देत न्हाई. मग ही कागदावर कुटून लिवनार?"

"आजोबा, अर्थ तोच आहे."

"अर्थ त्यो न्हाई. ह्या कागदात ही लबाड दिसतीया."

घड्याळात बाराला दहा मिनिटं होती. मी त्यांच्या कोटाची बाही ओढली. "आबा, राहू द्या ना. तेवढ्यानं काय होतंय?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. चार दिवसांत पहिल्यांदा. "त्येवढ्यानंच हुतंय," ते म्हणाले. "माझं त्येवढ्यानंच झालं."

साहेबांनी काय चाललंय ते विचारलं. कारकून बराच वेळ बोलत होते. मग साहेब माझ्याकडे वळले आणि सावकाश इंग्रजीत त्यांनी विचारलं, नाव बदलताना तुम्हाला कुणी विचारलं नव्हतं हे खरं का. तो प्रश्न मला तोपर्यंत कुणी केला नव्हता, मी स्वतःलाही केला नव्हता. मी म्हणाले, "नाही. कुणी विचारलं नव्हतं." आणि मग मला एकदम सगळं सांगता आलं, आईचं, अपशकुनाचं, त्या रकान्याचं. साहेब ऐकत राहिले. शेवटी त्यांनी तो कागद फाडला आणि कारकुनांना म्हणाले, हे म्हणतात तसं लिहा.

नवा कागद आला. आबांनी तो पुन्हा खालून वर ऐकला, आणि पुन्हा एकदा. बाहेर शिपाई खिडकी बंद करत होता, साहेबांनी त्याला हात करून थांबवलं. मग आबांनी पेन मागितलं. मला वाटत होतं आता ते उठतील, हात जोडतील आणि म्हणतील की तोंडानं सांगायचं ठरलं होतं. ते उठले नाहीत. हात अवघडला असावा तसा त्यांनी एकदा झटकला, आणि सही केली. आपलं नाव, वडलांचं नाव, आडनाव, एकेक अक्षर काना-मात्रेसकट. सही झाल्यावरही पेन त्यांच्या हातातच होतं, कारकुनांनी ते हळूच काढून घेतलं.

दुपारी पासपोर्ट मिळाला. त्यावर विद्यार्थिनी म्हणून शिक्का होता, आणि खाली दोन्ही नावं होती.

परतीच्या गाडीत मी त्यांच्या पाया पडले, चार दिवसांपूर्वीच्या बोलण्याची माफी मागितली. ते खिडकीबाहेर बघत होते. घाट चढून गाडी सपाटीला लागली तेव्हा म्हणाले, "शपथ एकदा मोडली म्हंजे मोडली, न्हवं?"

मी मांडीवरची फाईल सावरून धरली.

"मंग तुझ्या त्या फायलीत एखादा कोरा कागद असंल तर दे."

मी दिला. त्यांनी तो चार घड्या करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला आणि भाकरीचं फडकं सोडलं.

मी निघाले तेव्हा आबा स्टेशनवर आले होते. "तिकडं कागदावर इचारलं तर दोनी नावं लिव," एवढंच म्हणाले. त्या कोऱ्या कागदाचं काय झालं ते मी विचारलं नाही. आपल्याच पासपोर्टाची पिशवी चारदा चाचपून बघण्यात मी गुंग होते.

पहिला हिवाळा मला फार जड गेला. वर्ष संपून हे भारतात परतले होते, बर्फ होतं, आणि पूर्ण वेळ शिकणं म्हणजे काय ते मला रोज कळत होतं. नापास झाले तर दर्जा जातो, दर्जा गेला तर परत जावं लागतं, या भीतीने मी पुस्तक उशाशी घेऊन झोपायची. अशातच एक हवाईपत्र आलं. अक्षर ओळखीचं नव्हतं, कारण आबांचं अक्षर मी त्या एका सहीपलीकडे कधी पाहिलंच नव्हतं. उघडलं, आणि नकळत माझी नजर तळाला गेली.

तळाला सही होती. पूर्ण, वडलांच्या नावासकट.

तिच्या वर लिहिलं होतं: कचेरीने अर्ज परत पाठवला, मुदत केव्हाच सरली आहे, त्यांच्या लेखी विहीर नाहीच. त्याच्या वर: विहीर होती, मी पंच म्हणून न वाचता सही केली, असं तुझ्या कागदावर लिहून दिलं आणि नक्कल स्वतः चाकणला नेऊन तात्याच्या हातात दिली, तो काही बोलला नाही. त्याच्या वर जिजींची खुशाली, आमच्या खोलीत आलेल्या नव्या भाडेकरूंची हकिकत. मी एकेक ओळ वर चढत होते. माझ्या बोलण्यावरून त्यांनी देवापुढची शपथ मोडली, आणि हाती काय लागलं, तर कचेरीचा नकार.

शेवटी मी सगळ्यात वरच्या ओळीला आले. नमस्कार-चमत्काराची जागा. आबांनी तिथे लिहिलं होतं:

चि. इंदू उर्फ शालिनी हीस आशीर्वाद. तात्या परवा घरी आला. पाणी मागून प्याला.